सातवा रकाना

सोमवार, ३ फेब्रुवारी
आमचं गाव, गारगोटी, सुटलं एकदाचं! मंगळवार पेठेत खोली मिळाली. खिडकीतून समोरच्या तालमीतली पोरं दिसतात. घरमालकीण झुंबरबाई अशी की, मी बॅग टेकायच्या आत तिनं माझं गाव, आडनाव, मामाचं गाव सगळं काढून घेतलं. शेवटी मी तिच्या जावेच्या माहेरची कुणीतरी लागते असं निघालं आणि ताटभर पोहे आले. आमच्याकडं नातं निघाल्याशिवाय पाहुण्याला पाणीसुद्धा गोड लागत नाही.
ही वही आक्कानं दिली. आक्का म्हणजे माझी आई. सगळं गाव तिला आक्का म्हणतं, म्हणून आम्हीपण.

बुधवार, ५ फेब्रुवारी
नोकरी झकास. कंत्राटी आहे, पण काम सरकारी. आपापला फोन दाराशी पेटीत ठेवायचा. संगणकावर एकेका माणसाचं पान येतं: फोटो, फोन, कुणाशी बोलला, काय वाचलं, काय मागवलं, कुठल्या चौकातल्या कॅमेऱ्यात दिसला. हे सहा रकाने मशीन भरतं. सातवा नातेवाइकांचा, तो आम्ही. फोन बंद करून बसलेला माणूस मशीनला सापडत नाही, नातेवाइकांना सापडतो, असं भैरवी मॅडम म्हणाल्या. त्या आमच्या साहेब, बोलतात अगदी हळू.
सर्वेक्षणातून बोलते म्हणून फोन लावायचा आणि बोलता बोलता लिहीत जायचं, हात थांबवायचा नाही. माझं पहिलं वाक्य, ‘जेवलासा का?’ दुसरं, ‘कुणाचं म्हणायचं तुमी?’ पुढचं माणसं आपणहून सांगतात. न सांगणं म्हणजे उर्मटपणा ना! पहिल्याच दिवशी एकवीस पानं भरली. शेखी मिरवत नाही, पण कुणाची झाली नाहीत तेवढी.

रविवार, ९ फेब्रुवारी
दादाला डबा देऊन आले. अमरसिंहदादा, माझा थोरला भाऊ. गावात चेहरे आणि अंगठे घ्यायचं शिबिर आलं, तेव्हा ‘हे कशाला लागतंय ते आधी विचारा’ असं त्यानं ग्रुपवर लिहिलं होतं. दोनदा घरी चौकशी आली. तेव्हापासून त्यानं फोन टाकला आणि कबनूरला यंत्रमागावर लागला. नेमकं ठिकाण आक्काला आणि मला, दोघींनाच ठाऊक. येताना फोन खोलीवर ठेवून यायचं, हा त्याचा नियम. झुंबरबाईला दर रविवारी कबनूरला आत्याकडं जाणार म्हणून सांगितलंय.
नोकरी सर्व्हेची आहे म्हटलं. त्यानं भाकरी मोडली, अर्धी माझ्यापुढं सारली.

बुधवार, १२ फेब्रुवारी
ज्ञानू नावाच्या एकाचं पान होतं. त्याच्या चुलतीला, विठाबाईला फोन लावला. म्हातारी किती खूश झाली! आमचाच की त्यो, म्हशीला लई जीव लावलाय, आता मळ्यातल्या गोठ्यातच निजतोय म्हणाली. मी लिहून घेतलं. सुट्टी व्हायच्या आत पान करडं झालं. खाली शेरा आला, ‘पूर्ण’.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी
विठाबाईनं उलट फोन लावला. ओरडली नाही. ‘बाई, तुमी इचारलासा त्या दिसापास्नं पोरगं न्हाय. तुमाला म्हाईत असंल की.’
मी फोन ठेवला. मॅडमना विचारलं. आपलं काम सातव्या रकान्यापर्यंत, म्हणाल्या. माझी करडी पानं मोजली. सत्तेचाळीस.
काही वाटायला हवं होतं. वाटलं नाही. पुढचं पान उघडलं.

सोमवार, १७ फेब्रुवारी
दादाचं पान आलं.
फोटो चुलतभावाच्या लग्नातला, फेटा बांधलेला. सहाही रकाने आठ महिन्यांपूर्वी थांबलेले. सातव्यात आक्काचं नाव आणि पुढं शेरा: ‘बोलत नाही’. त्याखाली: बहीण, एक. नाव कोरं.
मी ‘बहीण नाही’ असं लिहिलं. हात जरासुद्धा अडखळला नाही, त्याचीच भीती वाटली. मॅडम मागं उभ्या होत्या. राहू दे, म्हणाल्या, हे पान दुसऱ्या टेबलाला देते.

मंगळवार, १८ फेब्रुवारी
झुंबरबाई खुशीत. माझ्या हापिसातून फोन आलता म्हणे, लई गोड बाई, नात्यातलीच निघाली. हिनं सगळं सांगितलं. गारगोटी. आक्का. दर रविवारचं कबनूर, भरगच्च डबा. ही वही मी पिठाच्या डब्यामागं ठेवते, तेसुद्धा.
तिच्यावर कशी रागावू? मी रोज दुसरं काय करते—
आता फक्त ठिकाण राहिलं. दादाला कळवावं, तर त्याच्याकडं फोन नाही. जावं, तर माझ्या मागून—
आक्काचा फोन लागत नाही.

बुधवार, १९ फेब्रुवारी
शिवजयंतीची सुट्टी. पेठेत ढोल. ठरवलंय, फोन घ्यायचा नाही.
दुपारी वाजला. थांबला. पुन्हा वाजला. आक्का असली तर—
उचलला.
एक बाई. ‘जेवलीस का?’
शुक्रवारपासून धड जेवले नाही. कुणी विचारलंही नव्हतं. एकदम रडू आलं. नाही म्हणाले. खाऊन घे बाळ, म्हणाली. मग म्हणाली, कुणाची गं तू?
माझीच वाक्यं. कळतंय मला. वही पुढ्यात आहे, हात चाललाय. बोलतेय तेच लिहितेय. गारगोटी. आक्का. मामाचं गाव. ती नुसतं हं, हं करते—
फोन ठेवायला पाहिजे. आक्का त्यांना काही बोलली नाही. ठेवते. आत्ता—
थोरला भाऊ अमरसिंह. राहायला कबनूरला, यंत्रमागाच्या