संमतीचा कागद, हिरवी साडी

३ जुलै, आसगाव

तिसरा दिवसही वाया. रेकॉर्डर लावला की घरातलं एकही माणूस माणसासारखं बोलत नाही. पंकज, माझा धाकटा भाऊ. एरवी तोंड उघडलं की निम्मी हिंदी, निम्मी झाडी, म्हणजे आमच्या भंडाऱ्याकडची बोली. मशीन दिसल्याबरोबर 'आमच्या परिसरात विविध भाषा बोलल्या जातात' सुरू. म्हटलं, नेहमीसारखं बोल ना रे. तर म्हणतो, 'नेहमीसारखंच तं बोलून राहिलो.' आईने पदर सारखा केला आणि मुकीच झाली.

प्रो. बाईंची, म्हणजे स्वीडनमधल्या माझ्या मार्गदर्शकांची, मेल. 'अजिबात घाई नाही, पण वीस तारखेपर्यंत पाठवलंस तर छान.' दोन वर्षं स्वीडिश शिकून पदरात पडलेलं सगळ्यात उपयोगी ज्ञान म्हणजे त्यांच्या 'घाई नाही'चा अर्थ.

एक माणूस घरात किती भाषा बोलतो हे शिकायला मी स्वीडनला गेले. आणि ते बघायला परत आसगावात आले. गावाला हसायला एवढं पुरे आहे, आणि गाव हसतंय.

६ जुलै

मिळालं. सिंधूआत्या! बाबांची थोरली बहीण. गावातच दिलेली, दोन गल्ल्या सोडून घर. आपल्या बांधीत, म्हणजे शेतात, रोवणा चालू आहे, धानाची रोपं लावायला बाया आल्यात, त्यात ती. आधी विचारलं, दिवसभराचं बोलणं यात भरलं तर चालेल का. 'खोच व, मले काय चावते थो?' रेकॉर्डर प्लास्टिकच्या पिशवीत घालून तिच्या कमरेला.

पाच तास. बायांशी झाडी. बांगड्यावाला आला तर हिंदीत घासाघीस. छत्तीसगडची एक मजूर बाई, तिच्याशी तिच्यासारखं. बांधावरून मास्तर गेले तर 'नमस्कार गुरुजी, बरे आहात ना?' कंबर तशीच वाकलेली, हात चिखलात. आमच्या वर्गात हे समजवायला अख्खं सत्र जातं.

बाबा जाऊन वर्ष झालं, बांधी आता पंकज बघतो. आत्या भावाच्या बांधीत मजुरीने रोवते. लहानपणापासून बघतेय. आज पहिल्यांदा वाटलं की हे

जेवायला हाक मारतायत.

८ जुलै

भंडाऱ्याला जाऊन आले. एसटीत उभी, दोन्ही वेळा. संमतीपत्राच्या प्रती काढल्या. विद्यापीठाचा नियम असा की सही नसेल तर रेकॉर्डिंग वापरता येत नाही, वीसपर्यंत सही नाही मिळाली तर पुसून टाकायचं. आत्याची सही म्हणजे घरातली गोष्ट.

तिच्यासाठी साडी घेतली. हिरवी, लाल काठ. रिकाम्या हाताने जाऊन सही मागणं बरं दिसत नाही.

९ जुलै

हाकलून दिलं मला.

साडी तिच्या मांडीवर ठेवली, वर कागद, वर पेन. ती साडीकडे बघत राहिली. 'कायची सही?' सांगायला लागले की हे तुझं बोलणं वापरायची परवानगी, तर मध्येच, 'तू बी?' मग, 'बापावानीच निंगाली व तू. उचल. दोन्ही उचल.' आणि आत जाऊन भांडी आपटायला लागली.

काय केलं मी? भर उन्हात हिचं बोलणं साठवलं, हिच्यावर प्रबंध लिहितेय. दुसरी कुणी असती तर गावभर सांगत सुटली असती. इथल्या माणसांना चांगलं केलेलं दिसतच नाही. कागद दिसला की भूत दिसल्यासारखं करतात. मरो.

१२ जुलै

अजून संताप जात नाही. बाकी दोन बायांचं बोलणं भरून पाहिलं, दोघीही वार्षिक स्नेहसंमेलनात उभ्या असल्यासारख्या. सगळं पुसलं.

आईला विचारलं, आत्याला एवढं झालं तरी काय. लसूण सोलता सोलता म्हणाली, 'तिले कायले सही मांगतं? तिची सही झाली एक डाव.' कसली सही? 'जाऊ दे ना.' या घरात सगळ्यात जास्त बोलली जाणारी भाषा हीच आहे, जाऊ दे ना. प्रबंधात घालते.

१५ जुलै

पंकज भंडाऱ्याहून आला. पिशवी माझ्या हातात दिली. साडी. हिरवी!

'ताई, वीसले मंगळवार हाये. पवनीले जाऊ, रजिस्ट्री करून घेऊ. तू परत गेली का मंग कोण ये-जा करते?' हक्कसोड. बाबांच्या जमिनीतला माझा हिस्सा मी भावाला सोडून देते असा कागद. बहिणीने सही करायची, भावाने साडी नेसवायची. जगाची रीत.

साडी हातात धरून उभी राहिले. बाबांनी आत्याला असंच नेलं असणार. साडी, कागद, पेन. आणि त्या दिवशी मी तिच्या मांडीवर तेच सगळं त्याच क्रमाने ठेवलं. रंगसुद्धा तोच असेल तर नवल नाही. भाषा शिकतेय म्हणे मी.

पंकजशी भांडण. तो म्हणाला, 'सडकेची बांधी तुह्या शिक्षणात इकली. हिस्सा तं तू नेला ना अगोदरच.' खरं आहे. स्वीडनची फी त्यातूनच गेली. मी तोंड उघडलं तर आतून आई, सहज, मीठ कुठेय सांगावं तशी, 'ते बांधी तं सिंधूबाईच्या वाट्याची होती.'

साडी मी परत पिशवीत कोंबली.

१६ जुलै

आत्याकडे. रिकाम्या हाताने. म्हटलं, आत्या, चुकलं माझं, मला माहीत नव्हतं. 'तुले माहीत नोतं? शिकून काय करून राहिली तू तिकडं?' तिला सांगितलं की मंगळवारी पवनीला माझीही सही आहे. ती पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघून बोलली, 'साडी कोन्या रंगाची आणली?'

सांगितलं. हसली. मलेबी हिरवीच, म्हणाली.

मग कागद वाचून दाखव म्हणाली, पूर्ण. वाचला. 'मी स्वेच्छेने सहभागी होत आहे. कोणतेही कारण न देता मी माझी संमती केव्हाही मागे घेऊ शकते.'

'थांब. हे अखीन एक डाव वाच.'

वाचलं.

'केव्हाही?'

'केव्हाही.'

'मंग तुह्या बापाच्या कागदावर असं काहून नोतं लिवलं?'

कागद तिने ठेवून घेतला, डाळीच्या डब्याखाली. सही नाही केली. 'मंगळवारी तू पवनीहून ये. मंग सांगीन.' विचारलं, म्हणजे मी सही करू नको म्हणतेस? 'मी कायले म्हणू? माहेर तुहं हाये. माहं तं गेलं.'

१८ जुलै

पंकजला म्हटलं, हक्कसोडीत एक ओळ घालू. पुढे कधी वाटलं तर मागे घेता येईल अशी. तो आधी हसला. 'असा कागद असते काय कुठी?' मग हसू गेलं. 'म्हणजे तुले द्यायचंच नाही.' मग ताट सरकवून उठला. आई माझ्याशी बोलत नाही. आत्याच्या रेकॉर्डिंगमध्ये आईचा आवाज आहे, बांधावरून, 'सिंधूबाई, चहा घ्या व.' तो चार वेळा ऐकला. कशाला ऐकला कोण जाणे.

मला जमीन नको आहे. हे कुणालाच खरं वाटत नाही. मलाही कधी वाटतं, कधी नाही. सही केली तर भाऊ राहील, आई राहील, भाऊबीज राहील. आत्याचे पाच तास जातील. पाच तासच का, आत्याच जाईल. आणि नाही केली तर मी कुणाच्या घरी उतरणार आहे, प्रो. बाईंच्या?

मेल आली. 'आशा आहे की घरी मजेत असशील.'

२० जुलै, सकाळ

पंकजने आणलेली साडी आईने रात्रभर इस्त्री केल्यासारखी घडी करून खाटेवर ठेवली आहे. शेजारी परकर, ब्लाउज आत्याच्या मुलीचा मागून आणला म्हणे. माझ्या मापाचा शिवायला वेळ नव्हता. म्हणजे आत्याच्या घरी कळलंय.

आज आत्या सडकेलगत, दुसऱ्याच्या बांधीत रोवायला आहे. पवनीला जायचं तर तिच्या समोरूनच गाडी जाणार. वाकलेली असली तरी मान वर करेल, मला माहीत आहे. हिरवा रंग लांबून दिसतो.

मी अजून गाउनवर. बॅगेत संमतीपत्राची एक कोरी प्रत आहे, कशासाठी घेतली ते ठाऊक नाही.

पंकजने दुसऱ्यांदा हॉर्न वाजवला. दोन दिवसांनी आई पहिल्यांदा बोलली, दारातून, अगदी मऊ आवाजात.

'उठ व. निऱ्या मी धरून देते.'