तुटलेल्या शेपटीचा कौल

लडाख

चि. बाबू,

आशीर्वाद या वेळी राखून ठेवते. मी इथे वेधशाळेत बरी आहे, थंडी सोसते. आईचा गुडघा कसा आहे?

तिनेच फोनवर सांगितलं, "बाबून तुळसाक म्हायेराक धाडल्यान." का, तर पोटुशी असताना तिने मी पाठवलेला शेपटी तुटलेल्या धूमकेतूचा फोटो बघितला! वर देवळात कौलही लावलास.

अरे शहाण्या, सूर्यावर वादळ उठलं आणि त्याचा झोत धूमकेतूवर आदळला. झोताचं चुंबकीय क्षेत्र शेपटीतल्या क्षेत्राच्या उलट दिशेचं होतं, म्हणून शेपटी तुटून वाहून गेली. धूमकेतूला काहीच झालं नाही. दुसऱ्या दिवशी त्याला नवी शेपटी होती. तोही फोटो पाठवला होता. तो बरा तुला दिसला नाही!

देवाला मी दोष देत नाही. 'तिका धाडू काय?' एवढंच तू विचारलंस, त्याने उजवी पाकळी पाडून 'हो' म्हटलं. आता पुन्हा कौल लाव आणि विचार, 'तुळसान परत येवचा, एवढी माझी लायकी आसा काय?'

उजवी पाकळी पडली तरच कणकवलीला तिच्या दारात जा. आणि डावी पडली, तर ते मला नको, तिला सांग.

तुझी, अजून तरी,
अक्षयाताई