वहाणांची रांग

ठाणे,
ता. १४ नोव्हेंबर १९५३

विश्रामदादांना दौलतचा नमस्कार.

इकडे आम्ही सगळे बरे आहोत. कोलशेतला तुमचा खोकला कमी झाला असेल, असं धरून चालतो. पत्र तुमची लेक गोदाच वाचून दाखवील, म्हणून अक्षर मोठं काढलंय.

सुक्या बोंबलांची जुडी पोचली. घरी बायकोने, सुमतीने विचारलं, "दादा असे मध्येच घरी का बसले?" मी म्हटलं, "वय झालं." मला अव्वल कारकुनाची जागा मिळाली, हे तुमच्या कानावर आलंच असेल.

आपली मामलेदार कचेरी आता ओळखू यायची नाही. ओट्यावर बाक आलाय, त्यावर पाटी, 'जनतेसाठी'. बाकावर गुरुदत्त कारकुनाचा मेहुणा पेपर वाचत बसतो. जनता उभी. लोकांना नंबर घातलेले पत्र्याचे बिल्ले देतात. आंबिवलीची ठमाबाई जमिनीच्या उताऱ्यासाठी तीनदा आली, तीनदा चाळिसाच्या पुढचा नंबर, तीनदा "उद्या या". मला बघून म्हणाली, "इश्राम कवा येल रं?" मी म्हटलं, "रजेवर आहे."

दादा, तुमचा अर्ज परवा माझ्याच टेबलावर आला. पेन्शनीला चौदा महिने उरले असताना बडतर्फ केलं, फेरविचार व्हावा. खाली गोदाच्या अक्षरात, 'दौलतला विचारा, त्यानं बावीस वर्षं बघितलंय.'

विचारलं साहेबांनी. आधीही विचारलं होतं.

नवे साहेब आले तेव्हा म्हणाले, "राज्य बदललं, कचेरीची वागणूकही बदलायला हवी. दौलतराव, तुमचे कान तिखट. पंधरा दिवस बघा, ऐका, टिपण द्या. कारणं नकोत, घडतं तेवढं लिहा." मी फुगलो. पण तयार उतारे गुरुदत्त आठ-आठ दिवस खणात कोंबून ठेवतो, हे कसं लिहू? रोज त्याच्यासोबत डबा खातो. मग लिहिलं: 'लोक ओट्यावर वहाणा रांगेत ठेवून झाडाखाली बसतात. पट्टेवाला विश्राम त्यातल्या काही मनाला येईल तशा पुढे सरकवतो.'

साहेब हसले. "फुकट कोण सरकवतो हो?" मीही हसलो. चौकशी तिथेच संपली.

मनाला येईल तशा! दादा, मला ठाऊक होतं. चिखल बघून तुम्ही ओळखायचात कोण किती लांबून आलंय. शीळफाट्याचा माणूस दिवसाउजेडी घरी पोचावा, म्हणून त्याची वहाण पुढे. ठाण्यातला मागे राहून शिव्या द्यायचा, तुम्ही म्हणायचात, "घर जवल हाय ना तुजा? मंग बस गप."

आणि एकतीस साली नोकरीचा अर्ज घेऊन मी शीळहून चालत आलो, तेव्हा पायात काहीच नव्हतं. तुम्ही म्हणालात, "तुज्या पायान काय नाय, त नंबर कशाचा लावशील रं?" आणि स्वतःच्या वहाणा काढून रांगेत ठेवल्यात. दिवसभर त्या तापल्या अंगणात अनवाणी हेलपाटे घातलेत. एवढं सगळं आठवत असताना मी ते तीन शब्द लिहिले.

काल तुमच्या अर्जावर शेरा मारला, 'फेरविचाराचं कारण दिसत नाही.' साहेब समोर उभे होते. नसते, तरी मी वेगळं लिहिलं असतं, असं छातीवर हात ठेवून सांगवत नाही.

सोबत एक कागद आहे. वहाणा का सरकायच्या, टिपणात मी काय गाळलं आणि कुणाला वाचवलं, सगळं त्यात आहे. खाली माझी सही. सोमवारी अर्ज वरच्या कचेरीत जाईल. त्याआधी हा कागद तिथे दिलात तर तुमची पेन्शन वाचेल, माझी खुर्ची बहुधा जाईल. मी स्वतः नेऊन देऊ शकलो असतो. तेही तुमच्यावरच टाकतोय, हे तुमच्या ध्यानात येईलच.

गोदा वाचताना थांबली, तर तिला पुढे वाच म्हणा.

तुमच्या वहाणांवर ज्याचा नंबर लागला, तो
दौलत