तांदळाएवढी जीभ

नाशिक, ता. ९ नोव्हेंबर १९३६

चि. सौ. इंदिरेस दादाचे अनेक आशीर्वाद.

लोणचं पोचलं. फोडी जाड चिरल्यास, चव मात्र आईच्या हातची.

आता कामाचं. निसार टांगेवाला तुमच्या लासलगावी स्टेशनवर कांद्याची पोती उचलतो, असं तू लिहिलं होतंस. त्याला शोधून हे पत्र वाचून दाखव.

आठ वर्षं त्यानं जखमी पाखरं आणावीत आणि मी ती बरी करावीत, असा आमचा शिरस्ता होता. गेल्या वर्षी त्यानं पंख मोडलेला हुदहुद आणला. चोच दोन इंच, जीभ मात्र मुळाशी तांदळाच्या दाण्याएवढी. मैना बोलावी म्हणून तिची जीभ कातरणारे लोक मी पाहिले आहेत. तेच मनात आलं. घाटावर सगळ्यांदेखत मी म्हणालो की यानंच जीभ कापली. तो म्हणाला, पंडितजी, याची जातच अशी, किडा वर उडवून गिळतो. मी हसलो. माझ्या वहीत एकतीस पाखरांच्या जिभा मोजून काढलेल्या. मला टांगेवाला शिकवणार? त्या दिवसापासून आम्हा उपाध्यांपैकी कुणी त्याच्या टांग्यात यात्रेकरू बसवला नाही.

परवा भागीबाई फुलवालीनं दुसरा हुदहुद आणला, तोही पंख मोडलेला. जीभ तेवढीच. व्रण नाही. किडा वर उडवून गिळतो.

मी चुकलो. हे शब्द असेच वाच, गुळगुळीत करू नकोस.

मुलांना आशीर्वाद. लोभ आहे तसाच राहू दे.
यज्ञेश्वर

लासलगाव, ता. १७ नोव्हेंबर १९३६

ती. दादास इंदिरेचा साष्टांग नमस्कार.

पुढच्या वेळी फोडी मोजपट्टी लावून चिरीन. ‘चुकलो’ हा शब्द तुझ्या अक्षरात प्रथमच पाहिला. आमचे हे म्हणाले, पत्र दादांचंच आहे ना, सही नीट बघ.

निसारला ओसरीवर बसवून पत्र वाचलं. ऐकताना तो पागोट्याचं टोक पिळत होता. मग म्हणाला, बाई, हे सुलेमान पैगंबरांचा निरोप नेणारं पाखरू, त्याला मी कात्री लावीन? आणि घोडी विकली, ती आता कुठं परत येते? उठताना एवढंच विचारलं की पहिल्या पाखराचा पंख जुळला का. दादा, ते तू लिहिलंच नाहीस. काय सांगू?

उलट टपाली कळव. माया कमी करू नकोस.
तुझी इंदिरा

नाशिक, ता. २४ नोव्हेंबर १९३६

चि. सौ. इंदिरेस अनेक आशीर्वाद.

पंख जुळला नाही. चौथ्या दिवशी पाखरू गेलं. जीभ नाही तर गिळणार कसं, म्हणून मी कापसाच्या बोळ्यानं तोंडात दूध पिळत होतो. जिभेच्या मागेच एक चीर असते, ती श्वासाची. आताच्या पाखरात ती उघडताना-मिटताना दिसते. दूध तिच्यात गेलं असणार. वहीत मात्र मी लिहून ठेवलं होतं, ‘जीभ कापल्याने मृत्यू’. ती ओळ खोडली नाही. तिच्याखाली खरं कारण लिहिलं.

सोमवारी घाटावर, ज्या पायरीवरून त्याचं नाव घेतलं होतं तिथूनच, तेवढ्याच मोठ्यानं माझं घेतलं. ऐकायला तिघे उभे राहिले. गेल्या खेपेला गर्दी होती.

या पाखराची पट्टी पुढच्या रविवारी सकाळी आठला सोडणार आहे. निसारला ये म्हणायला मला तोंड नाही. तू त्याला फक्त वार आणि वेळ सांग.

यज्ञेश्वर