‘त्या घरच्याच आहेत’ असे म्हणालेल्या इसमाचा खुलासा

प्रति,
मा. कंपनी निबंधक,
कंपनी नोंदणी कार्यालय, दुसरा मजला.

विषय : पत्नीच्या एकल व्यक्ती कंपनीस नामनिर्देशित म्हणून संमती देण्यास झालेल्या विलंबाबाबत.
संदर्भ : आपले दुसरे स्मरणपत्र.

महोदया,

विलंबाचे कारण आपण लेखी मागितले आहे. कारण लाज हे आहे. छापील कारणांत ते नसल्यामुळे ‘इतर’ समोर खूण करून खुलासा सादर करतो.

१. माझे सोफ्यांची व गाद्यांची कव्हरे शिवून देण्याचे दुकान आहे. पाटीवर आडनावापुढे ‘आणि कंपनी’ असे आहे. पाटी मोकळी दिसते म्हणून रंगाऱ्याने सुचवले आणि मी मान डोलावली. ती कंपनी म्हणजे आपण, अशी माझ्या पत्नीची इतकी वर्षे समजूत होती. मापे तिची, कापणे तिचे, शिवण तिची. गिऱ्हाइकाशी गोड बोलणे तेवढे माझे. कागदोपत्री ती कुठे आहे, याचा मी कधी विचारच केला नाही.

२. मध्यंतरी परवाना तपासायला निरीक्षक आले. मालक कोण, असे विचारताच मी छाती पुढे काढली. “आणि या?” त्यांनी विचारले. पत्नी तोंडात टाचण्या धरून एका खुर्चीचे माप घेत होती. मी म्हणालो, “त्या घरच्याच आहेत.” निरीक्षकांनी ‘एकल मालकी, कामगार नाहीत’ असे लिहून घेतले. पत्नीने टाचण्या एकेक करून उशीत खोचल्या. मग ती पुढच्या खुर्चीकडे वळली, तेव्हा मला वाटले, पचले.

३. पचले नव्हते. ती करसल्लागाराकडून सगळे समजून घेऊन आली आणि उशीत कापूस भरता भरता मलाही समजावू लागली. “एकल मालकीत दुकान म्हणजे तुम्हीच. कायद्याला मी दिसतसुद्धा नाही.” मी घाईघाईने भागीदारी देऊ केली. “म्हणजे तुमचे घोळ मी निस्तरायचे. ते तर आत्ताही निस्तरतेय!” मग मर्यादित दायित्वाची भागीदारी काढू म्हटले, खासगी मर्यादित कंपनी काढू म्हटले. ती म्हणाली, “दोन्हीला दोन माणसं लागतात. आपण दोन कधी होतो? निरीक्षकांचा कागद बघा.” मी कागद बघितला नाही. कात्रीकडे बघत बसलो.

४. म्हणून तिने एकल व्यक्ती कंपनी निवडली. सभासद एकच, तरी कंपनी त्या माणसाहून वेगळी. धंदा बुडाला तरी घर बुडत नाही. माझ्या दुकानाला तिने काम सोडत असल्याची रीतसर नोटीस दिली असून नोटिशीची मुदत ती इमानाने भरत आहे. संध्याकाळी सहाला मशीन झाकते, मग टाका अर्धा असला तरी. रजा लेखी मागते, आणि मी ती लेखी मंजूर करतो. घरी मला ‘अहो’ म्हणायची, ती आता “मालक, भाजी वाढू का?” असे विचारते. 

५. अशात तिने आपल्या कार्यालयाचा संमतीचा नमुना माझ्यापुढे ठेवला. सभासदाच्या पश्चात कंपनी ज्याच्या हाती जायची, त्या जागी माझे नाव होते. मी विचारले, माझे का? ती म्हणाली, “मग काय शेजारणीचं घालू? घरचेच आहात ना तुम्ही.” हे ती टोमणा म्हणून बोलली नाही. तसे असते तर मी त्याच दिवशी सही केली असती.

६. आज सही केली आहे. ही संमती वापरायची वेळ माझ्यावर कधीही येऊ नये, अशीही नोंद व्हावी; तसा रकाना नसेल तर समासात व्हावी. पाटीवरील ‘आणि कंपनी’ हे शब्द मी स्वतः शिडीवर चढून पुसले आहेत. रंग नीट निघाला नाही, तरी तिच्या नोंदणीच्या आड तो येऊ नये, ही विनंती.

मान वर न करता,
आपला अर्जदार
(सही)
दिनांक : आजचाच. उद्यावर ढकलले तर धीर जाईल.

सोबत :
१. संमतिपत्र, सहीसह.
२. पुसलेल्या पाटीचे छायाचित्र.
३. नव्या कंपनीत नोकरीसाठी माझा अर्ज. आपल्या कार्यालयामार्फत संस्थापिकांकडे पाठवावा. आम्ही एकाच घरात राहतो, पण हातात द्यायला तोंड नाही.