शुश्रूषेच्या रजेतली मॅकरॉन्स

३ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ९.
रजा मंजूर. एकवीस दिवस. कारणाच्या रकान्यात लिहिलं: पत्नीची शुश्रूषा. बेअरिंगच्या कारखान्यात क्वालिटी तपासायला लागून सव्वीस वर्षं झाली, एवढी सलग रजा पहिल्यांदाच. साहेब म्हणाले, वहिनींकडे नीट बघा. म्हटलं, आता तेच एक काम.

ही काल हॉस्पिटलमध्ये ॲडमिट झाली. पोटाचं दुखणं आता पोटापुरतं राहिलेलं नाही, असं डॉक्टर म्हणाले. पुढचं मी नीट ऐकलं नाही, पंख्याचा आवाज फार होता. हिच्या उशाशी कुणाचं तरी जुनं मासिक पडलेलं, त्यात मॅकरॉन्सचा रंगीत फोटो. त्या गोल फ्रेंच बिस्किटांच्या जोड्या, मध्ये क्रीम. हिने बोट ठेवलं आणि म्हणाली, हे कधी खाल्लंच नाही. मी तिथल्या तिथे शब्द दिला. घरी करतो, माझ्या हातचे. ही हसली, म्हणाली बसा तरी जरा. पण सामान आणायचं होतं. निघालो.

४ नोव्हेंबर.
रेसिपी अगदीच सोपी. बदामाचं पीठ, पिठीसाखर, साखर, अंड्यातलं पांढरं. चार वस्तू! गुरुवारी डबा घेऊन हजर.
भेटीची वेळ चार ते सहा. आज गेलो नाही. रिकाम्या हाताने काय जायचं?

५ नोव्हेंबर. दुपारी ३.
पहिली बॅच. चोवीस गोल पसरून सगळ्यांची मिळून एक लादी झाली. दोष अंड्यांचा. हल्लीच्या अंड्यांत दम नाही.
ताईंचा फोन. ताई म्हणजे हिची थोरली बहीण, दिवसभर हॉस्पिटलमध्येच असतात. भावोजी, कधी येताय? म्हटलं, काम चालू आहे. रजेवर कसलं काम, म्हणाल्या. सरप्राइज फुटायला नको म्हणून फोन ठेवला.

७ नोव्हेंबर.
सगळ्यांना तडे. वाचल्यावर कळलं, ट्रेवर घातल्यावर तासभर तसंच ठेवायचं, वर साय धरली की मगच ओव्हनमध्ये. साय धरेपर्यंत सव्वाचार वाजले. पेटता ओव्हन सोडून हॉस्पिटलला जाणं हा शुद्ध बेजबाबदारपणा झाला असता.
वरच्या मजल्यावरच्या बाईंना चार तुकडे दिले. आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं त्यांनी. म्हणाल्या, छान लागतंय, असंच नेऊन द्या की वहिनींना. यांना काय कळतंय! तडा गेलेला माल मी सव्वीस वर्षांत गेटबाहेर जाऊ दिलेला नाही.

१० नोव्हेंबर.
आता शास्त्रशुद्ध. कपाटातून व्हर्नियर कॅलिपर काढला. व्यास पस्तीस मिलिमीटर, अर्धा इकडेतिकडे चालेल. चोवीसपैकी नऊ पास. जोड्या लावल्यावर चारच जमल्या, त्यातल्या दोन आतून पोकळ निघाल्या. पूर्ण बॅच रिजेक्ट.
खचलो नाही. खचायला वेळ कुठे आहे?

११ नोव्हेंबर. संध्याकाळी ५.
आज गेलो होतो! कुणी म्हणू नये की गेलो नाही. गेटपर्यंत गेलो. पण पार्किंगची काय ती दशा, गाड्यांवर गाड्या. परत फिरलो. मी बसने गेलो होतो हे खरं, पण एवढ्या गर्दीत पेशंटला त्रासच.

१३ नोव्हेंबर.
ताई सांगत होत्या, केमो सुरू झाल्यापासून हिच्या पोटात काही ठरत नाही. दोन चमचे पाणी, बस. म्हणजे गोड कमी हवं. साखर दहा टक्क्यांनी कमी केली. सगळं मिश्रण बसलं.
आणखी एक म्हणाल्या. चार वाजले की ही दाराकडे बघत राहते. हे लक्षण चांगलं. वाट बघितली की भूक लागते.

१५ नोव्हेंबर. रात्री ८.
ताईंना वरच्या बाईंकडून सगळं कळलं. बायकांच्या पोटात काही राहत नाही. फोनवर आवाज चढला त्यांचा, मग रडल्या. म्हणाल्या, तिला नकोय हो ते काही, तुम्ही नुसते येऊन बसा. बोललात नाहीत तरी चालेल.
ताई स्वभावाने चांगल्या, पण भाबड्या. नुसतं बसून कधी कुणी बरं झालंय?
अंड्यातलं पांढरं फ्रिजमध्ये एक दिवस ठेवून वापरलं तर चांगलं फुलतं म्हणतात. म्हणजे आज काही करता येण्यासारखं नव्हतं. दुपारी चार वाजता झोपलो. उठलो तेव्हा सव्वासहा झाले होते.

१७ नोव्हेंबर.
रंग कोणता द्यायचा? हिचा आवडता रंग आठवेना. सत्तावीस वर्षं झाली लग्नाला, माहीत असणारच मला, आता एवढ्यात आठवत नाहीये इतकंच. खात्री करायला हिचं कपाट उघडलं. निळे ड्रेस तीन, हिरवे दोन, एक पिवळा. तिथेच उभा राहिलो. कपड्यांना हिचा वास येतो. कपाट लावून टाकलं.
पांढरेच करू.

१९ नोव्हेंबर. सकाळी ११.
जमलं!!! चोवीसच्या चोवीस पास. वरून गुळगुळीत, खाली सारखी झालर, एकही पोकळ नाही. कॅलिपर दोनदा लावून बघितला. क्रीम भरलं. बारा जोड्या. माझं सगळं आयुष्य या ट्रेसारखं जायला हवं होतं.
ताईंचा फोन दोनदा येऊन गेला. हात क्रीमने भरलेले, घेता आला नाही. नंतर केला नाही.
भरल्यावर एक दिवस फ्रिजमध्ये मुरावे लागतात. मी दोन दिवस धरतो. घाई केली की माल हातचा जातो.

२१ नोव्हेंबर. दुपारी २.
दाढी केली. इस्त्रीचा शर्ट. पांढरा खोका, वर रिबीन. अगदी दुकानातल्यासारखा दिसतोय. आज हिचा चेहरा बघण्यासारखा होईल.

२१ नोव्हेंबर. संध्याकाळी ७.
पोचलो चार वाजून दहा मिनिटांनी. तिसरा मजला. दाराला छोटी काच आहे, तिथून बघितलं. चार कॉट. आधी वाटलं, वॉर्ड चुकला. मग खिडकीजवळच्या कॉटवर ताईंची शाल दिसली, तेव्हा कळलं की शालीखालची ती ही आहे. केस नव्हते. तोंड उघडं होतं. ताई तिथे नव्हत्या.

नर्स आली. खोका बघून म्हणाली, कुठल्या दुकानातून आलात? मी रिबीन सरळ केली. कोणासाठी विचारलं, तेव्हा बोट दाखवलं. तिने मान हलवली. म्हणाली, त्यांच्यासाठी कुणी पाठवलं हे? त्या तीन दिवसांपासून काही घेत नाहीत, बोलणंही थांबलंय. मग म्हणाली, राहू दे, काउंटरवर ठेवून जा, त्यांचे मिस्टर आले की त्यांना देईन. मिस्टर परगावी असतात, कामातून सुटका होत नाही त्यांची. ही शुद्धीवर होती तोवर सगळ्यांना हेच सांगायची म्हणे. येतीलच, शब्दाचे पक्के आहेत.

मी बरं म्हटलं. खोका काउंटरवर ठेवला. तिने पावतीवर सही मागितली नाही, मीही नाव सांगितलं नाही. जिना उतरून बसस्टॉपवर आलो.

मला भीती वाटते. पहिल्या दिवसापासून वाटते आहे. दार नुसतं लोटलेलं होतं, कडी नव्हती. आत जाऊन हाक मारली असती तर हिने कदाचित ऐकली असती. मी हाक मारली नाही.