नव्या बराकीची हजेरी

४ नोव्हेंबर
काम भेटलं! ठेकेदारानं मले हजेरी लिहायले ठेवलं. बारावीचा एवढा तरी फायदा! काम कायचं, तर जेलाची नवी बराक. फाटकापाशी बोर्ड लागला आहे — अकरा कोटी.
बायको खूश होईल वाटलं. शकुन भात वाढता वाढता एवढंच म्हणाली, "मिथुनभाऊ तिथंच आहेत ना?"
मी ताट सरकवून उठलो.

७ नोव्हेंबर
इंजिनीअर साहेब सांगत होते — जुन्या बराकीत शंभराची जागा, माणसं अडीचशे. पाळीपाळीनं झोपतात. "म्हणून तर सरकार पैसा ओतून राहिलं." एक मिस्त्री म्हणाला, "मंग सोडा ना थोड्याइले!" सगळे हसले. मीही हसलो. लाज नाही मले.

१२ नोव्हेंबर
आज लिहूनच टाकतो. ही वही कोण वाचते?
तलाव बापदादापासून आमचा, पण यंदा मासोळीचा ठेका बाहेरच्यानं घेतला. तान्ह्या पोळ्याच्या पहाटे मी अन् माहा दोस्त मिथुन चोरून गेलो. जाळं माहं. राखणदार डोमा आला — म्हाताराच तो — त्याले मी ढकललं. मी! तलावाच्या पाळीवरून पडला, हात मोडला. मी पळालो. मिथुन त्याले उचलायले थांबला, अन् सापडला. डोमाले माहं तोंड दिसलं नव्हतं. पोलिसांनी मिथुनले लय विचारलं, पण त्यानं माहं नाव घेतलं नाही.
घरी सांगतलं, जाळं गाळात फाटलं, तिथंच टाकलं.

२० नोव्हेंबर
मिथुनची बायको रंजू आली होती. कोर्टानं जामीन कधीचाच दिला, पण सातबारावाला जामीनदार भेटत नाही. "लिलाधरभाऊ, शकुनबाईच्या नावानं दिघोरीले बांधी आहे ना धानाची? एक सही केली तर हे घरी येतील."
मी म्हणालो, "विचारलं तिले. नाही म्हणते."
विचारलंच नव्हतं! शकुन तर तलावावर धुणं घेऊन गेली होती. बायकोच्या नावावर खोटं बोललो. काहून? मिथुन बाहेर आला अन् बोलला तर — म्हणून. दुसरं काही कारण नाही. रंजू चहा न घेताच गेली.

२१ नोव्हेंबर
हजेरी चोवीस. बाकी काही लिहावं वाटत नाही.

९ डिसेंबर
मिथुन दिसला! पाण्याच्या टाकीपाशी रांगेत, हातात डबा. काडी झाला पोट्टा. माह्याकडे पाहिलं अन् मान वळवली — ओळख नको दाखवायले म्हणून. अजूनही मलेच वाचवून राहिला!
दुपारी आत जागा मोजली. एका माणसाले झोपायले इतके फूट, इतके इंच. फीत मीच धरली. अकरा कोटी लावून सरकार ज्याच्यासाठी जागा करून राहिलं, तो तर एका सहीनं घरी झोपला असता. ते सरकारले कोण सांगन? मी सांगन? थू!

२६ डिसेंबर
बराकीचा स्लॅब टाकून झाला. पेढे वाटले. दोन खाल्ले.

३ जानेवारी
मिथुन सुटला! रंजूच्या अंगणात गर्दी. जामीनदार कोण, म्हणून विचारलं, तर सगळे माह्याकडेच पाहायले लागले. "अरे, तुही बायको!"
शकुन सोमवारी माहेरी जातो म्हणून गेली होती. गेली कोर्टात, सातबारा घेऊन.
मिथुननं मले मिठी मारली. त्याच्यापरीस दोन थापडा मारल्या असत्या तर बरं झालं असतं.

४ जानेवारी
शकुन बोलली. दिवाळीच्या आधी रंजूसंग ठाण्यात गेली होती. तिथं जप्तीच्या सामानात जाळं पडलं होतं. जिथं पहिले तुटलं होतं तिथं लाल सुताची गाठ — "माह्याच हातची. मले माहीत नाही का? तुम्ही कधी सांगता, त्याचीच वाट पाहून राहिली होती."
आज हजेरी लिहायले गेलो नाही. पहिले डोमाच्या घरी, मंग ठाण्यात. शकुन संग येतो म्हणते. दारात उभी आहे.